सांगाव्याची भाकर

आमच्या घरात एक गोष्ट कुणीच करायची नाही, असं माझ्या जन्माआधीपासून ठरलेलं होतं. गावातल्या घरांच्या मयताचा सांगावा घेऊन जायचं नाही. भावकीतलं कुणी गेलं तर फोन करायचा, गाडी पाठवायची, ते वेगळं. पण गावाचा सांगावा नाही.

पूर्वी शेतकऱ्यांच्या घरी कुणी वारलं की त्यांच्या पाहुण्यांना कळवायला आमच्या वस्तीतला माणूस जायचा, चालत. माझ्या आजोबांनी तरुणपणी हे काम केलंय. कधी कवठे येमाईला, कधी नदी उतरून दौंडच्या बाजूला. पोचलं की अंगणाच्या बाहेर उभं राहून सांगायचं. घरातल्या बायका रडायच्या. रडणं जरा ओसरलं की कुणीतरी आतून भाकर आणून द्यायचं. उपाशीपोटी चालत आलेल्या माणसाची तीच मजुरी.

वस्तीनं दीक्षा घेतली त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी सांगावा सुटला नव्हता. मग एकदा बोलावणं आलं आणि आजोबा म्हणाले, "मी न्हाई जात." एवढंच म्हणाले. गावानं वस्तीला दुकान बंद केलं, गिरणी बंद केली, दूध बंद केलं. आजोबा ही हकिगत दरवर्षी विहारात सांगतात आणि तिथंच थांबतात. पुढचं मला आजीकडून कळलं होतं. त्या उन्हाळ्यात तिच्या अंगावरचं दूध आटलं आणि तिची पहिली मुलगी गेली, माझ्या वडिलांच्या आधीची. तिचं नाव ठेवायचं राहूनच गेलं.

मी शिरूरला कॉलेजात जाते. आमच्या घरातली मी पहिलीच. समाजशास्त्राच्या पुस्तकात गावगाड्याचा एक धडा आहे आणि त्यात सांगाव्याबद्दल एक ओळ आहे. सर म्हणाले, परीक्षेला येत नाही, सोडून द्या. मी त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि पुढं गेले. हे सगळं मला नीट मांडता येईल की नाही, माहीत नाही. पण जे झालं ते सांगायचा प्रयत्न करते.

आमचं गाव निमोण्याच्या बाजूला. आमच्या वाट्याला जमिनीची एक पट्टी आहे आणि तिच्या बांधाला लागून आप्पांचं रान. आप्पा गावातल्या मोठ्या भावकीतले, पप्पांपेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. आमच्याकडं मोटारीची लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. त्यात उसामुळं बिबटे झालेत. म्हणून एकट्यानं पाणी धरायला जायचं नाही, असा सगळ्यांचाच नेम. पप्पा आणि आप्पा बरोबर जायचे. दोघं आपापल्या रानात दारं मोडायचे, म्हणजे भरलेल्या वाफ्यातलं पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचे, आणि अधूनमधून एकमेकांना हाका मारायचे. हाकेला ओ आली म्हणजे माणूस जागेवर आहे.

गावात भांडण पेटलं ते स्टँडवरच्या फलकावरून. आमच्या लोकांनी जिथं निळा झेंडा आणि फलक लावला होता, तिथंच गावाला कमान करायची होती. भांडण तेवढंच नव्हतं, हे दोन्हीकडच्यांना माहीत होतं. आजोबांच्या वेळी विहीर होती, पप्पांच्या वेळी मिरवणुकीचा रस्ता होता, आमच्या वेळी फलक आणि मोबाइलवरची स्टेटसं. एका संध्याकाळी दगड पडले. माझ्या चुलतभावाच्या डोक्याला टाके पडले. आमच्याकडून ॲट्रॉसिटीची केस झाली, त्यांच्याकडून आमच्या पोरांवर मारहाणीची. आमच्या केसमध्ये आप्पांच्या धाकट्या मुलाचं नाव होतं.

त्यानंतर गावानं आमच्या बायकांना कांदा लावायला बोलावणं बंद केलं. बाहेरून, मराठवाड्याकडून टोळी आणली. आमची माणसं किराणा आणायला शिक्रापूरला जायला लागली. पण पप्पा आणि आप्पा पाणी धरायला बरोबरच जात राहिले.

मी एकदा पप्पांचा डबा घेऊन गेले होते. दुपार होती. दोघं बांधावर बसले होते, आप्पा त्यांच्या बाजूला, पप्पा आमच्या बाजूला, मध्ये तंबाखूची पुडी.

"बिबट्या आला तर आधी कुणाला धरील रं?" आप्पा म्हणाले.

"तुम्हाला. तूप खाल्लेलं अंग हाय."

"मला धरलं तर लोक म्हणतील तूच सोडला."

"आन् मला धरलं तर?"

"मग बिबट्यावर ॲट्रॉसिटी लागंल. बिचाऱ्याला जामीन बी मिळायचा न्हाई."

पप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला हसू आलं नाही. चुलतभावाच्या डोक्यावरची पट्टी अजून निघाली नव्हती. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "पोरीला राग आला वाटतं. येऊ दे. शिकतीये, राग यायलाच पायजे." मग त्यांनी शेंगांनी भरलेली पिशवी माझ्या हातात दिली. मला त्या माणसाचा राग येत होता आणि तो मला आवडतही होता. आपल्या मुलाबद्दल ते गावात कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. पप्पांना विचारलं तर म्हणाले, "मी बी आपल्या पोरांना बोललो न्हाई. दगड काय एकाच बाजूनं आलं का?"

आप्पा गेले ते सकाळच्या पाळीला. पप्पांनी हाक मारली, ओ आली नाही. पुन्हा मारली. मग बांध ओलांडून गेले तर आप्पा कांद्याच्या वाफ्यात पडलेले, पाणी त्यांच्या अंगाखालून चाललेलं. पप्पांनी त्यांना खांद्यावर घेऊन आमच्या टेम्पोत घातलं आणि शिरूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आधीच संपलंय.

आप्पांची दोन्ही मुलं मागून आली. धाकटा बाजूला भिंतीला टेकून उभा राहिला. थोरल्यानं पायऱ्यांवर पप्पांचा हात धरला आणि म्हणाला, "मामा, ताईला फोनवर नका सांगू. सातवा महिना हाय तिला. तुम्ही जाऊन तिला घेऊन या. तुमचं ऐकंल ती."

ताई म्हणजे आप्पांची मुलगी. तिला दौंडच्या पलीकडं दिली होती. लहानपणी ती मला बोरं काढून द्यायची आणि माझ्या वेण्या घालायची. पप्पा लगेच हो म्हणाले. त्यांनी विचार केला असेल असं मला वाटत नाही. कपडे तसेच चिखलाचे. मला कॉलेजच्या गेटवर बोलावून घेतलं आणि म्हणाले, "बाईमाणूस संगं असलेलं बरं. बस."

न्हावरा मागं पडलं. मग पप्पा स्वतःशीच शब्द लावून बघायला लागले.

"आप्पाला जरा चक्कर आली. असं म्हणू?"

"म्हणा."

"दवाखान्यात हायेत. तुझी आठवण काढत्यात."

"आठवण काढतात नका म्हणू पप्पा."

"व्हय. ते खोटं व्हईल."

भीमेच्या पुलावर आलो तेव्हा मला ती पुस्तकातली ओळ आठवली. आपण काय करतोय हे माझ्या लक्षात आलं. मी पप्पांकडं पाहिलं. ते ओल्या बाहीनं डोळे पुसत गिअर टाकत होते. त्यांच्या मनात फक्त आप्पा होते, ते मला दिसत होतं. पारगावच्या पुढं गुऱ्हाळांचा गोड वास गाडीत भरला होता.

ताईची सासू अंगणात गहू निवडत होती. तिनं विचारलं, "कुठलं पाव्हणं?"

"ताईच्या गावचा. आप्पांचा शेजारी."

तेवढ्यात ताई बाहेर आली. पप्पांना बघून हसली. "तुम्ही कसं काय? आप्पा आलेत का संगं?"

पप्पांनी ठरवलेलं वाक्य बोलायला सुरुवात केली. चक्कर आली, काळजीचं कारण न्हाई, तुला न्यायला आलोय. ताई त्यांच्याकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती, माझ्या खांद्यावरच्या कॉलेजच्या पिशवीकडं. "तू कॉलेज सोडून आलीस," ती म्हणाली. मग तिनं दाराची चौकट धरली आणि खाली बसली. मी तिला जवळ घेतलं. तिचं रडणं ऐकून शेजारच्या बायका आल्या.

सासूनं पप्पांना बाजूला नेऊन खरं विचारलं, पप्पांनी सांगितलं. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. ती वाईट बाई नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. तिनं मला स्टीलच्या ग्लासात पाणी दिलं, ताईची पिशवी भरली, गाडीत तिच्या पाठीला उशी ठेवली. पप्पा टेम्पोपाशी उभे होते. तिनं त्यांना विचारलं, "तुम्ही वस्तीवरलं का?"

"व्हय."

"सांगावा घेऊन आलात. बरं झालं बाबा, तुमच्या गावात अजून माणसं रीत धरून हायेत. आमच्याकडं सगळं फोनवरच उरकत्यात."

ती आत गेली आणि फडक्यात दोन भाकरी आणि चटणी बांधून घेऊन आली. "घ्या. सांगावा घेऊन आलेल्याला रिकामं धाडू न्हाई."

पप्पा त्या फडक्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील. गाडीत ताई गुडघ्यावर डोकं ठेवून रडत होती. पप्पांनी भाकर घेतली. काचेखाली डॅशबोर्डवर ठेवली आणि गाडी चालू केली. घरी येईपर्यंत ती तिथंच होती, गरम भाकरीचा वास येत होता. आम्ही कुणीच सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

ताईला तिच्या दारात सोडून आम्ही वस्तीत आलो तेव्हा आजोबा विहाराच्या ओट्यावर बसलेले होते. ते टेम्पोपाशी आले. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी काचेतून ते फडकं पाहिलं.

"हे काय?"

"ताईच्या सासूनं दिलं," पप्पा म्हणाले.

आजोबांनी फडकं सोडलं. भाकरीकडं बघितलं. मग मला विचारलं, "वरनं टाकली का हातात दिली?"

"हातात दिली."

"मला वरनं टाकायचे." त्यांनी भाकर उलटून पाहिली. "म्हंजी सुधारलेत म्हणायचं."

"बाबा, मैतर मेला माझा," पप्पा म्हणाले.

"व्हय. तुझा मैतर मेला. माझी पोरगी मेली हुती."

आजोबांच्या तोंडून त्या मुलीचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकला. पप्पांनीही बहुतेक पहिल्यांदाच ऐकला असावा. आजोबांनी फडकं पुन्हा बांधलं, शेजारच्या शेळीपुढं भाकरी मोडून टाकल्या आणि ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवसापासून ते पप्पांशी बोलत नाहीत. भांडणही नाही. जेवायला एकत्र बसतात, पप्पा भाजी पुढं करतात, ते घेतात. बोलायचं असलं तर माझ्यामार्फत.

दहाव्याला पप्पा घोडनदीच्या काठावर गेले. वस्तीतून ते एकटेच. मी दूर बायकांत होते. आमच्याकडं दहाव्याला भाषणं होतात. पुढारी माइकवर मयताबद्दल चार शब्द बोलतात. सोसायटीचे एक मोठे पुढारी बोलायला उठले. आप्पांच्या कष्टाबद्दल बोलले, स्वभावाबद्दल बोलले. मग म्हणाले, "आज लोक म्हणतात गावात फूट पडली. मी म्हणतो, न्हाई पडली. आप्पा गेले तवा त्यांच्या लेकीला सांगावा द्यायला कोण गेलं? वस्तीवरला आपला माणूस गेला. आपला गावगाडा अजून शाबूत हाय."

माणसं माना डोलवायला लागली. काहींनी मागं वळून पप्पांकडं पाहिलं, कौतुकानं. पप्पा उठून उभे राहिले. त्यांना माणसांसमोर बोलायची सवय नाही. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "साहेब, मी सांगावा न्हाई नेला. मी..."

त्याच वेळी कावळा शिवला. बराच वेळ सगळे पिंडाकडं डोळे लावून बसले होते, कावळा येतच नव्हता. तो आला आणि सगळी माणसं एकदम उठली, चपला शोधायला लागली. बायका मोठ्यानं रडल्या. पप्पांचं पुढचं वाक्य त्यांच्या शेजारच्या दोघातिघांनी ऐकलं असेल तर असेल. मी त्यांचे ओठ हलताना पाहिले. मग त्यांनी टोपी घातली आणि तेही लोकांबरोबर चालायला लागले.

पुढाऱ्याच्या भाषणाचा तेवढाच तुकडा मोबाइलवर फिरला, खाली गावातल्या पोरांनी हात जोडल्याची चित्रं टाकलेली. संध्याकाळी तो आमच्या वस्तीत पोचला. माझ्या चुलतभावानं तो पप्पांच्या तोंडासमोर धरला. "काका, टाके मला पडले आन् शाबूत त्यांचा गावगाडा राहिला."

विहारात बैठक झाली. कुणी आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्त अवघड वाटलं. पप्पांनी सांगितलं, मला थोरल्यानं हात धरून सांगितलं, मी शेजारी म्हणून गेलो, त्याच्या जागी तुम्ही असता तर तुमच्याही पोरीला आणायला गेलो असतो. वस्तीतले एक जुने गुरुजी म्हणाले, "तुझ्या मनात काय हुतं ते आमाला ठावं हाय. त्यात खोट न्हाई. पर तू घरातनं बाहेर पडला की तुझं पाऊल तुझं एकट्याचं राहत न्हाई रं. ते त्याला आपलं जुनं नाव देत्यात." आजोबा कोपऱ्यात बसले होते, खाली बघत. मला गुरुजींचं पटलं. घरी येताना पप्पांची पाठ बघितली तर त्यांचंही पटलं. दोन्ही एकदम कसं खरं असू शकतं, हे मला कुठल्या तासाला कुणी शिकवलेलं नाही.

पप्पांनी आमची पट्टी वाट्यानं करायला दिली. आता ते शिक्रापूरच्या एका कंपनीत कामगारांची बस चालवतात, तिथंच तिघांत एक खोली घेऊन राहतात. सुट्टीला घरी येतात. बांधाकडं जात नाहीत.

ताई बाळंतपणाला माहेरीच थांबली होती. मुलगा झाला. तिनं मला फोन केला. "पप्पा कधी येणार हायेत सुट्टीला? त्यांना म्हण, बाळ बघायला या. आईनं बी सांगितलंय."

मी सुट्टीच्या दिवशी पप्पांना निरोप दिला. ते दाढी करत होते. हात थांबला. आरशातूनच त्यांनी मला विचारलं, "कोण म्हणून जायाचं?"

मी म्हणाले, "आप्पांचे मैतर म्हणून."

"तसं कुणी म्हणंल का?"

"ताई म्हणेल."

"ताई म्हणंल." त्यांनी मान हलवली. "आन् मी परत येताना ओट्यावर बाबा बसलेले असतील." मग त्यांनी उरलेली दाढी केली, तोंड धुतलं. कपाटातून धुतलेला शर्ट काढला, घातला. मला वाटलं, निघाले. त्यांनी शर्टाची बटणं लावली, दारापर्यंत आले, बाहेर आजोबा उन्हात बसले होते त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा आत जाऊन खाटेवर बसले. "तू जाऊन ये," म्हणाले. "मला उशीर व्हईल. संध्याकाळच्या पाळीला जायचंय."

संध्याकाळची पाळी नव्हती. सुट्टी उद्यापर्यंत होती.

मी एकटीच गेले. स्टँडवर कमानही झालेली नाही आणि फलकही नाही. तिथं पोलिसांनी लावलेलं बॅरिकेड तसंच आहे, त्यावर कुणीतरी ओले कपडे वाळत घातले होते. आप्पांच्या ओसरीवर धाकटा मुलगा बसला होता. त्याचा जामीन झालाय, दर आठवड्याला ठाण्यात हजेरी असते. त्यानं मला बघितलं आणि पाय आवरून वाट दिली. मी आत गेले.

ताईनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. डोकं सांभाळ, म्हणाली. बाळानं माझं बोट धरून ठेवलं. ताई माझ्या मागं दाराकडं बघत होती.

"गाडी लावतायत का?" तिनं विचारलं.

"नाही ताई. ते नाही आले."

"पाळी हाय का त्यांना?"

मी हो म्हणायला पाहिजे होतं, किंवा नाही. मी बाळाकडं बघत राहिले. ताई समजली. ती हळू म्हणाली, "त्या दिवशी मला न्यायला भाऊ आला नव्हता. नवरा कामावर होता. तेच आले होते. मी कुणाला सांगू हे?"

काकू, आप्पांच्या बायको, स्वयंपाकघराच्या दारात चहाचे दोन कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एक माझ्यासमोर ठेवला. दुसरा पप्पांसाठी होता, तो हातात धरून त्यांनी बाहेरच्या दाराकडं पाहिलं. मग आत गेल्या आणि तो पातेल्यात परत ओतल्याचा आवाज आला.